घरघंटीचं दार

अन्सार : आणि हे लुगड्यात काय बांधून आणलं, मावशी?

वच्छलाबाई : दार.

अन्सार : कशाचं दार?

वच्छलाबाई : घरघंटीचं. तूच म्हणला ना, मॉडेल नंबर मशीनवरच असतो, तिथंच बघा म्हणून. अख्खी घरघंटी काय रेल्वेत चढंना. मग इस्क्रू काढले अन् दारच घेऊन आले. लासूरपासून मांडीवर धरून बसले. गाडीतली माणसं इचारीत व्हती, बाई, घर कुठं ठेवलं?

अन्सार : या अल्ला. अब्बा, देखो जरा, मावशी क्या लाए.

चांदपाशा : आधी बसू दे त्यांना. पाणी दे. कुठल्या बाई आपण?

वच्छलाबाई : लासूर स्टेशनची, चाचा. वच्छलाबाई. तिसरी खेप हाय तुमच्या दुकानात. मागच्या दोन्ही वेळेला तुम्ही नमाजाला गेलते.

अन्सार : पहिल्या खेपेला कागदावर दोनशे तीस लिहून आणलं. मी म्हटलं, मावशी, हे लायटीचं व्होल्टेज आहे, सगळ्याच मशिनींवर असतं. दुसऱ्या खेपेला मोटरचा नंबर. मोटर बनवणारी कंपनीच वेगळी, तो नंबर घेऊन आपण काय करायचं?

वच्छलाबाई : मोटरचा तर पालथं पडून लिहिला व्हता, बॅटरी दातात धरून. चौदा आकडे. शेजारच्या आशाबाईला वाटलं मला फीट आली.

चांदपाशा : तुटलंय काय पण?

अन्सार : आतला पंखा, अब्बा, ज्यानं दाणा फुटतो. मधोमध तडकलाय, अन् भोक एवढं झिजलंय की माप लागत नाही. या कंपनीचे दोन पंखे येतात. दिसायला सेम टू सेम, भोकात फक्त सुताचा फरक. चुकीचा बसला तर जाळी फाडून बाहेर येईल. औरंगपुऱ्यात रामकिसन शेठ जुना माल ठेवतात, पण ते नंबर ऐकल्याशिवाय गोदामाचं कुलूप काढत नाहीत. मी तरी नंबराशिवाय कसा देऊ?

वच्छलाबाई : मी कुठं म्हणते तसाच दे? दार आणलंय ना.

अन्सार : मावशी, राग नका मानू. बारा वर्षांची मशीन आहे. नवी का नाही घेत?

वच्छलाबाई : नवी तर माझा बन्सीच घेऊन देईल. पुण्यात. त्याच्या सयपाकघरात ठेवायला. माझा लेक हाय तो. रविवारी टेम्पो घेऊन येतोय. भांडी, गाद्या अन् मी, सगळं एकाच खेपेत न्यायचं म्हणतो. मालक गेल्यापासून मागं लागलाय. आतापत्तुर मी म्हणायची, गल्लीचं दळण कोण दळंल? आता पंधरा दिस झाले, घरघंटी बंद. परवा फोनवर म्हणला, आई, आता काय ऱ्हायलं तुझं तिथं?

चांदपाशा : काळजीनं म्हणत असेल.

वच्छलाबाई : काळजीनंच म्हणतो. लेक चांगला, सून बी चांगली. पण सातव्या मजल्यावर मी दिवसभर करू काय, चाचा? मागच्या वर्षी महिनाभर ऱ्हायले. लिफ्ट वर आली, लिफ्ट खाली गेली, तेवढंच मोजत बसले. इथं सकाळी सहाला माझ्या ओट्यावर डबे लागत्यात. आशाबाईच्या घरचं जाड लागतं, मास्तरांचं बारीक, चतुराबाईची ज्वारी सगळ्यात शेवटी, कामून तर तिच्यात खडे असत्यात. मला झोपंतून उठवून विचारा, सांगीन. मला माझ्या घरात ऱ्हायचंय. त्याचा टेम्पो यायच्या आत माझी घरघंटी फिरली पायजे.

चांदपाशा : अन्सार, गाठ सोड. उजेडात घे ते दार.

अन्सार : घेतलं. आत काही नाही. मागं काही नाही. पुढं... मावशी, इथं मधोमध हे लाल काय आहे?

वच्छलाबाई : ते दसऱ्याचं कुंकू हाय. तेवढं सोडून बघ.

अन्सार : सोडून कसं बघू? पट्टी त्याच्याच खाली आहे. हे बघा, कड लागते नखाला.

वच्छलाबाई : तिथं पट्टी हाय?

अन्सार : चौकोनी. चांगली तळहाताएवढी.

वच्छलाबाई : अरे देवा. मशीन आली त्या दसऱ्याला मालक म्हणले, हिचं कपाळ हे दिसतंय, इथंच लावू. मधी गुळगुळीत चौकोन व्हता. मग दरसाल तिथंच. आधीचं पुसायचं नाय, वरून नवं लावायचं.

अन्सार : म्हणजे नंबर तुमच्या बोटाखाली होता, अन् तुम्ही पालथं पडून मोटरखाली शोधत होता. थांबा, थिनर मारतो. एका मिनिटात साफ.

वच्छलाबाई : थांब रे.

चांदपाशा : हात काढ, अन्सार. थिनरनं कुंकवासंगं खालची छापही जाईल. अन् ते पुसणं आपलं काम नाही.

वच्छलाबाई : चाचा, खालचे सात दसरे मालकांच्या हातचे हायेत. वरचे पाच माझे. ते गेले त्या साली माझी जाऊ म्हणली, तू नको लावू, एखाद्या सवाशिणीला बोलव. मी म्हणले, पीठ मी दळती, मग कुंकू दुसरीनं कामून लावायचं? लावलं मीच. माझ्या कपाळाचं पुसलं तवा मला कुणी इचारलं नव्हतं. चार बायांनी धरलं अन् पुसलं. आता हे बी पुसायचं, अन् ते बी मीच?

चांदपाशा : आज विचारतोय, बाई. नको म्हणालात तर अन्सार दार होतं तसं बांधून देईल, अन् स्टेशनापर्यंत रिक्षात बसवून येईल. आमचं काही म्हणणं नाही.

वच्छलाबाई : दार तसंच नेलं तर रविवारी टेम्पोत चढंल. माझ्यासंगं.

चांदपाशा : ते मी कसं सांगू?

वच्छलाबाई : मी सांगते ना. पुसते. कशानं निघंल?

चांदपाशा : खोबरेलानं. याच दुकानात मी चाळीस वर्षं शिलाई मशिनी दुरुस्त केल्या. दसऱ्यानंतर येईल त्या मशिनीच्या तोंडाला कुंकू. घासायचं नाही. तेल सोडायचं, जरा दम धरायचा, अन् मग चिंधीनं टिपायचं. खालचं अक्षर जागचं हलत नाही.

(अन्सार फळीवरून खोबरेलाची बाटली आणि मऊ चिंधी आणून देतो. वच्छलाबाई दार मांडीवर घेतात.)

वच्छलाबाई : सुटतंय. हे वरचं माझं. लालभडक, आमच्या बाजारातलं. खालचं बघा कसं गडद हाय. मालक इथनंच न्यायचे, शहागंजातनं, पुडी बांधून. दुसरीकडचं त्यांना चालायचं नाय.

चांदपाशा : सावकाश. गाडीला वेळ आहे अजून.

वच्छलाबाई : डोळ्याला पाणी येतंय, येऊ द्या. हात थांबायचा नाय माझा.

अन्सार : मावशी, बस. दिसला. जी, के, मग रेघ, चारशे बारा, शेवटी बी. अक्षर न् अक्षर कोरं आहे, अब्बा. लोकांच्या पट्ट्या पुसून पुसून पांढऱ्या होतात, मला भिंगातून वाचाव्या लागतात. ही कालच चिकटवल्यासारखी.

वच्छलाबाई : म्हंजे सात वर्षं त्यांनी सांभाळली अन् पाच मी. लाव फोन तुझ्या शेठला.

अन्सार : हॅलो, रामकिसन शेठ? अन्सार बोलतो, शहागंज. तोच घरघंटीचा पंखा... हौ, आज नंबर आहे. कसम से, खरा नंबर. जीके चारशे बारा, बी... हौ, मोठ्या भोकाचा... एकच आहे? मग काढून ठेवा शेठ, कोणालाच देऊ नका. निघालोच... मावशी, आहे. मी गाडीवर जाऊन आणतो. रविवारच्या आत येऊन बसवूनही देतो.

वच्छलाबाई : बसवायला नको येऊ. कसा बसवायचा तेवढं नीट सांग. दार मीच काढलं, पंखा बी मीच बसवीन.

चांदपाशा : नंबर कागदावर लिहून घरात ठेवा. अन् या दसऱ्याला कुंकू जरा बाजूला लावा, पट्टीच्या शेजारी.

वच्छलाबाई : नंबर लिहिते, चाचा. डब्याच्या झाकणाला आतून चिकटवते. पण कुंकू तिथंच लावीन.

चांदपाशा : लावा. पुन्हा कधी लागलं तर खोबरेल आहेच इथं.

वच्छलाबाई : अन्सार, जायच्या आधी माझ्या फोनवर बन्सीचा नंबर लावून दे. बोटं तेलाची झालीत... हां, बन्सी. आई बोलते. शहागंजात हाय... नाय रे, तब्येत बरी हाय. ऐक. रविवारी या. टेम्पो नको... आधी ऐक तर. सूनबाईला घे, पोरींना घे, गाडीनं या. अन् येताना तुमच्या घरचे गहू आणा, दळून देते.