तीजेच्या टोपल्यांची सवारी

माझं सगळं बदललं ते गेल्या श्रावणात, पैनगंगेच्या पुराच्या काठावर. फौजेच्या सुभेदारांनी गाडीतून खाली उडी मारली, वामनराव साहेबांना सलाम केला आणि "साहब, काम बताइए," म्हणाले, त्या क्षणी. हे वाक्य खरं तर मी शेवटी म्हणणार होतो. आधी म्हणून टाकलं, कारण माझी भाषणं मधेच थांबवली जातात असा अनुभव आहे.

आता रीतसर सुरुवात करतो. आजच्या समारंभाचे अध्यक्ष, सन्माननीय उपविभागीय अधिकारी साहेब. प्रमुख पाहुणे, पुसदच्या आमच्या महाविद्यालयाचे आदरणीय प्राचार्य सर ('आमच्या' म्हणायचा माझा हक्क दुसऱ्या वर्षाच्या मधेच संपला, पण सर मोठ्या मनाचे आहेत, मी गेलो तेव्हाही त्यांनी वाईट वाटून घेतलं नव्हतं). आजचे सत्कारमूर्ती, सेवानिवृत्त होत असलेले नायब तहसीलदार वामनराव साहेब. शेजारी एवढ्या उन्हाळ्यात शाल पांघरून बसलेल्या त्यांच्या पत्नी कोकिळाकाकू. आमच्या पळसकुंड तांड्याचे नायक, माझे काका उत्तमसिंग. व्यासपीठावर खुर्ची ठेवली असूनही खाली बायकांत जाऊन बसलेल्या माझ्या काकी सुखीबाई. समस्त तलाठी, कोतवाल, कर्मचारी वर्ग, आणि जेवण केव्हा आहे हे मागच्या रांगेतून खुणेनं विचारणारे माझे मित्र. सर्वांना जय सेवालाल, नमस्कार.

माझं नाव बादल. सूत्रसंचालक कपिलभाऊंनी मला तांड्यातर्फे बोलायला उभं केलं आहे. दोन मिनिटांत पूर आणि फौज एवढंच बोलायचं, दुसरं काही बोलायचं नाही, ही त्यांची अट. दुसरं काही म्हणजे काय, ते सभागृहाला ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नाही ते शेजाऱ्याला विचारत आहेत, म्हणून मीच सांगतो. साहेबांची मुलगी अपेक्षा आणि मी पुसदला एका वर्गात होतो. ती पुढं अमरावतीला शिकायला गेली. मग त्या वर्गात पाहण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून मी शिक्षण सोडलं. मी तिला लग्नाचं विचारलेलं आहे. तिनं घरी ते स्वतःच सांगितलेलं आहे, म्हणजे यात लपवाछपवी नाही. "बाबांचा निरोप होऊ दे, मग सांगते," एवढं ती म्हणाली होती. बाबांचा निरोप आज आहे. सामानाचा ट्रक बाहेर भरून उभा आहे, आज संध्याकाळी सगळं कुटुंब अमरावतीला जाणार. तेव्हा उत्तर इथंच, या माईकवरून, सर्वांसमक्ष मागावं असं ठरवून मी आलेलो आहे.

कपिलभाऊ, बसा. आधी पूर सांगतो.

आमचा तांडा ढाणकीच्या पुढं, नदीच्या वळणावर, थोड्या उंचवट्यावर आहे. त्या दिवशी सकाळी नदी एका बाजूनं आली आणि नाला दुसऱ्या बाजूनं आला. तांडा मधे राहिला. मी ढाणकीला गेलो होतो, तो अलीकडच्या काठावर अडकलो. माणसं शाळेच्या छतावर आणि सेवालाल महाराजांच्या मंदिराच्या ओट्यावर चढलेली दिसत होती. त्यात माझी बहीण संगीता होती, तिचं नुकतं झालेलं लेकरू होतं. काठावर सरकार म्हणून वामनराव साहेब होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, एका हातात छत्री, एका हातात फोन. राज्याचं बचाव पथक खालच्या गावांत माणसं काढत होतं, ते सोडून येऊ शकत नव्हतं. साहेबांनी वर कळवलं, तहसीलदारांनी त्याच्या वर कळवलं, आणि जिल्हाधिकारी साहेबांनी फौजेकडे मदत मागितली. मागितल्याशिवाय फौज येत नाही, हे मला नंतर कळलं. तोपर्यंत माझी समजूत होती की फौज टीव्ही पाहून निघते.

आणखी एक समजूत होती. बऱ्याच जणांची असते. फौज आली म्हणजे तहसीलदार सुटीवर, अशी. गाड्यांचा आवाज आला तसा मी साहेबांना म्हणालो, "साहेब, व्हा आता बाजूले. आता करणारे लोक येऊन राह्यले." काठावरचे सगळे ऐकत होते. साहेब बाजूला झाले. रस्त्यात उभे होते, गाडीला जागा हवी होती.

आणि मग तो सलाम झाला. माझ्या डोक्यातलं सगळं सरकार उलटं झालं. ज्यांच्याकडे बोट, दोर, इंजिन, डॉक्टर आणि दंडात जोर, ते लोक विचारत होते. ज्याच्याकडे छत्री, तो सांगत होता. मी सुभेदारांना म्हटलं, तुम्ही त्यांना काय विचारता, समोर दिसतंय की, चला. सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "बेटा, हम मदद को आए हैं, राज करने नहीं. बोट हमारी है, फ़ैसला इनका."

साहेबांनी फैसला दिला. आधी लेकुरवाळ्या आणि म्हातारे, मग बाकीचे, पुरुष शेवटी. आणि मला म्हणाले, "बादल, तू चाल बोटीत. तांड्याची बोली तुले येते. अन् कुंपनं कुठं कुठं हायेत तेही तुलेच ठाऊक." रानडुकरांसाठी आम्ही शेताला तारा लावतो, त्या पाण्याखाली होत्या. रबरी बोट तारेवर गेली की संपली. म्हणून मला घेतलं. मी तेव्हा असं धरलं की माझी हिंमत पाहून घेतलं. अजूनही तसंच धरतो.

साहेबही बोटीत बसले. त्यांना पोहता येत नाही. हे त्यांनी सांगितलं नव्हतं, बोट हलली तेव्हा त्यांनी माझा दंड ज्या पद्धतीनं धरला, त्यावरून समजलं.

शाळेवरची माणसं आधी काढली. संगीता आणि लेकरू अलीकडं आलं, फौजेच्या डॉक्टरनं लेकराला पाहिलं, लेकरू डॉक्टरच्या अंगावर मुतलं, म्हणजे तब्येत ठीक. इथवर सगळं सोपं होतं. मग आम्ही मंदिराच्या ओट्याला लागलो.

मित्रहो, तांड्यात नायकाच्या शब्दाशिवाय कोणी हलत नाही. आणि गोष्ट सगळ्या तांड्याची असली, तर नायक एकटा शब्द देत नाही, नसाब बसतो, म्हणजे आमची पंचायत. पाणी ओट्याच्या पायरीला लागलं होतं आणि माझे काका पंचांना घेऊन गोल करून बसले. चिलीम फिरली. एका पंचाचं म्हणणं होतं, बैलं सोडून जायचं नाही. दुसऱ्याचं म्हणणं होतं, पाणी चढलेलंच नाही, नुसतं दिसतंय. खाली बोटीत फौजेचे जवान दोर धरून बसले होते, पंचायतीचं कामकाज ऐकत होते, एक अक्षर समजत नव्हतं, तरी कोणी घड्याळ पाहिलं नाही. माझं डोकं गेलं. मी सुभेदारांना ओरडून म्हणालो, "कायले वाट पाहून राह्यले? उचला न सगळ्यांले."

सुभेदारांनी साहेबांकडे पाहिलं.

साहेबांनी मान हलवली, नाही म्हणून. मला म्हणाले, "आज उचलून नेलं, तर पुढच्या पुरात हे लोक बोट पाहून लपतील. मंग कोनाले काढशील?"

काकांनी शब्द दिला. निघायचं. तांडा उठला. सगळे बोटीकडे आले, सुखीकाकी सोडून. काकींच्या घराचं छत ओट्याला लागून आहे, त्या छतावर ताडपत्रीखाली तीजेच्या टोपल्या होत्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. श्रावणात तांड्यातल्या लग्न व्हायच्या पोरी नायकाची परवानगी घेऊन टोपल्यांत गहू पेरतात. गहू नायकाच्या घरी वाढतात. पोरी रोज पाणी घालतात, गाणी म्हणतात, शेवटी वाजतगाजत नेऊन पाण्यात शिरवतात. ज्या पोरीची तीज दाट आणि हिरवी, तिचं चांगलं होतं असं म्हणतात. तोपर्यंत त्या टोपल्या नायकणीच्या हवाली असतात. गहू बोटभर वर आले होते.

काकी म्हणाल्या, "छोरीऊर तीज छोडन म कोनी आऊं." पोरींची तीज सोडून मी येत नाही.

काका म्हणाले, नायकाचा शब्द आहे. काकी म्हणाल्या, शब्द माणसांपुरता आहे. मी म्हणालो, काकी, गहू आहेत ते, बाजारात मिळतात. काकींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पोरी बोटीत रडायला लागल्या, आणि पोरी रडायला लागल्या तशा त्यांच्या आयाही बोटीतून उतरायला लागल्या. म्हणजे बघा, फौज थांबली होती साहेबांसाठी, साहेब थांबले होते नायकासाठी, नायक थांबले होते नायकणीसाठी, आणि नायकण थांबली होती गव्हासाठी. पाणी कोणासाठीच थांबलेलं नव्हतं.

सुभेदार म्हणाले, "साहब, हुकुम है कि पहले जान, सामान नहीं. ये सामान है कि नहीं, आप बताइए."

मला वाटलं, आता साहेब फाईल मागतील. साहेबांनी टोपल्यांकडे पाहिलं. काकींकडे पाहिलं. मग म्हणाले, "सामान नहीं है. सवारी है. गिन लीजिए."

सुभेदारांनी मोजल्या. हसले नाहीत. बोटीत जेवढी माणसं बसतात, त्यात टोपल्या धरून हिशेब केला. जागा कमी पडली. तेव्हा साहेब बोटीतून ओट्यावर उतरले आणि म्हणाले, माझ्या वजनात बसून जातील. पोहता न येणारा माणूस, पायरीवर पाणी, आणि तो पुढच्या फेरीची वाट पाहत नायकाशेजारी जाऊन बसला. काकांनी त्यांना चिलीम दिली. साहेब ओढत नाहीत. त्या दिवशी ओढली.

येताना माझ्यासमोर एक जवान बसला होता. माझ्याच वयाचा असेल. मांडीवर दोन टोपल्या, त्यावर स्वतःचा रेनकोट, आणि पाण्याचे उडते थेंब पाठीवर घ्यायचे म्हणून उलटा बसलेला. त्यानं काकींना विचारलं, माँजी, ये किसके हैं? काकींनी मराठीत सांगितलं, पोरींचे. तो म्हणाला, अच्छा, आणि आणखी वाकला.

पुढच्या फेरीत साहेब आणि काका आले. सगळे आले. बैलंही वाचली, ती आपली आपण पोहून गेली होती, त्यांनी नसाब बसवला नव्हता.

ढाणकीच्या शाळेत छावणी लागली. कोकिळाकाकू आणि तेव्हा अमरावतीहून घरी आलेली अपेक्षा तिथं खिचडी वाढायला आल्या होत्या. तिथंच मी तिला विचारलं. तिच्या हातात तेव्हा पळी होती. तरी विचारलं.

पाणी उतरलं, वाट मोकळी झाली, तशी सुभेदारांनी साहेबांना परत विचारलं, काम हो गया, इजाज़त? तीज शिरवायची बाकी होती. पोरींना वाटत होतं जवानांनी थांबावं, काकींनी तर गोडाचं करायला घेतलं होतं. साहेबांनी इजाजत दिली. मी साहेबांवर चिडलो. म्हटलं, एवढं करणाऱ्यांले तुम्ही जेवनाच्या आधी काहून पाठवून राह्यले? त्यांची उत्तर द्यायची पद्धत तुम्हाला माहीत आहे, आधी चष्मा पुसतात. पुसला. म्हणाले, "बोलावलं तं आले. काम झालं, गेले. फौजेले गावात राह्याची सवय लागू नये, अन् गावाले फौजेची."

काकींनी गोडाचं बांधून गाडीत दिलं. जवान गेले. त्यानंतर मी भरतीला गेलो होतो. धावण्यात पास झालो, रांगेत एकाशी वाद झाला, परत आलो. आता तालुक्याच्या बचाव पथकात स्वयंसेवक आहे. तिथं साहेबांनीच नाव घातलं. का घातलं, विचारलं नाही.

कपिलभाऊ घड्याळ दाखवत आहेत. मूळ मुद्द्यावर येतो.

मघाशी मी तिचं नाव घेतलं, तेव्हापासून अपेक्षा मान खाली घालून बसली आहे. मी इथून पाहतो आहे. ती लाजलेली नाही. राग आला की ती अशीच बसते, वर्गात मी पाहिलेलं आहे. आणि बोलता बोलता माझ्या लक्षात येतंय की माईक माझ्या हातात आहे, सभागृह भरलेलं आहे, वडील व्यासपीठावर आहेत, अशा वेळी तिला उत्तर विचारणं म्हणजे ओट्यावर उभं राहून 'उचला' म्हणण्यासारखंच आहे. 'हो' म्हणाली असती, तरी ते तिचं होतं की सभागृहाचं, मला जन्मभर कळलं नसतं.

तेव्हा मी विचारत नाही. अपेक्षा, तुझं नाव इथं घेतलं, तेही घ्यायला नको होतं. तुझं उत्तर तुझ्यापाशी राहू दे. द्यावंसं वाटलं तर दे. नाही वाटलं, तर ट्रक वेळेवर निघू दे. मी त्याला आडवा येणार नाही, हे मित्रांनीही ऐकून ठेवावं, कारण आडवं यायचं कालपर्यंत ठरलं होतं.

साहेब, तांड्याच्या वतीनं तुम्हाला निरोप देतो. आभार मानायचे तर कुठून सुरुवात करावी ते समजत नाही, म्हणून एवढंच सांगतो, या वर्षी पोरींनी तीज पेरताना नायकाच्या परवानगीनंतर तुमचीही परवानगी मागायची असं नसाबात ठरलं आहे. फोन येईल. उचला.

अध्यक्ष महोदय, आपण मला बोलू दिलंत, सरांनी ऐकून घेतलं, कपिलभाऊंनी माईक बंद केला नाही, तिघांचाही ऋणी आहे. अधिक-उणं बोललो असेन. अधिक बोललो ते माझ्या स्वभावात घाला, उणं राहिलं ते दोन मिनिटांच्या अटीत घाला, आणि पोटात घ्या.

जेवायला मी थांबत नाही. थांबलो तर तिकडं पाहीन. माईक इथं ठेवतो. दार बाहेरून ओढून घेतो, कडी लावत नाही.