लिओटिसला अडवणारा माणूस

सन्माननीय अध्यक्षा आणि टॅलिव्हर हायस्कूलच्या मुख्याध्यापिका डॉ. वेल्मा पेटवे, व्यासपीठावर विराजमान असलेले रेव्हरंड स्टॉलवर्थ, आजचे सत्कारमूर्ती लिओटिस ब्रॉडनॅक्स, त्यांच्या मातोश्री, म्हणजे सगळ्या गावाच्या मिस अर्नेस्टीन, भगिनी क्लॉडेट, आणि बाहेर कॅटफिश तळला जात असतानाही खुर्च्या धरून बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

माझं नाव अल्विस ट्रॅमेल. हां, मागच्या रांगेतून हुर्यो आलीच! येऊ द्या. पोर्टलंडच्या खेळाडूचं मिसिसिपीत याहून वेगळं स्वागत झालं असतं, तर मलाच चुकल्यासारखं वाटलं असतं.

लिओटिस बर्मिंगहॅमच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे वाइड रिसीव्हर. लांबवर फेकलेला चेंडू धावत जाऊन झेलायचा, हे त्यांचं काम. तो त्यांना झेलू द्यायचा नाही, हे माझं. आठ-नऊ वर्षं आम्ही समोरासमोर उभे राहिलो. त्यांनी आपलं काम चोख केलं. माझ्या कामाबद्दल या मंगल प्रसंगी न बोललेलं बरं.

मग सत्काराला शत्रूला कोणी बोलावतं का? मीही तेच विचारलं. मिस अर्नेस्टीन फोनवर म्हणाल्या, "अल्विस, माझ्या पोराची पाठ तुझ्याइतकी कुणी बघितली नाही. तूच बोल."

अध्यक्षांची परवानगी घेऊन यापुढे मी लिओटिसला 'तो' म्हणतो. ज्याने मला इतक्यांदा गवतात लोळवलं, त्याला 'ते' म्हणताना माझी जीभ अडखळते.

पहिल्यांदा भेटला तेव्हा मी मुरलेला होतो आणि हा हडकुळा, नवखा. समोरच्याला बोलून बोलून जेरीला आणायचं, ही आमची जुनी विद्या. मी म्हटलं, "काय रे बाळा, आईने डबा दिलाय का?"

तो अदबीने म्हणाला, "हो सर. कॉर्नब्रेड आहे. सामना झाला की आणून देतो."

मी हसलो. हसू आवरेपर्यंत तो माझ्या दहा पावलं पुढे होता. टचडाउन! सहा गुण त्यांच्या खात्यात. आणि सामना संपल्यावर हा खरोखर कॉर्नब्रेड घेऊन आमच्या खोलीच्या दारात हजर. अशा माणसाचा राग तरी कसा करायचा? (मिस अर्नेस्टीन, मी तो एकट्याने खाल्ला. आमच्या लोकांना अजून माहीत नाही.)

पुढची पाच वर्षं देशात त्याच्याइतकं वेगवान कुणी नव्हतं. आम्ही दोघे-दोघे त्याच्यावर लावायचो. तो दोघांनाही मागे टाकायचा. तुम्ही ते सगळं पाहिलंय, त्यामुळे माझी फजिती पुन्हा सांगत नाही.

आणि मग पोर्टलंडचा तो सामना. त्याच्या आसपास कुणीही नव्हतं. वळता वळता त्याचा गुडघा मोडला. तो हेल्मेट काढून गवताकडे बघत बसला. मी वाकून विचारलं, "उठतोस ना रे?"

"सर, हा पाय माझा वाटतच नाहीये," तो म्हणाला.

डॉक्टरांनी सांगितलं, चालेल, पण पूर्वीसारखा पळणार नाही. वर्तमानपत्रांनी त्याची कारकीर्द भूतकाळात लिहायला घेतली. हा टॅलिव्हरला परतला आणि सबंध हिवाळा आईच्या अंगणात आपल्या ट्रकमध्ये काचा वर करून बसायचा. रेव्हरंड, तुम्ही काच ठोठावलीत, तेव्हा त्याने तुम्हालाही आत घेतलं नाही ना? बघा, मान हलवताहेत.

त्याला बाहेर काढलं क्लॉडेटने. आपल्या शाळेच्या बँडची ही मास्तरीण. तिने ट्रकची किल्ली काढून घेतली आणि भावाला हाताला धरून इथे आणलं. हो, याच व्यायामशाळेत, तुमच्या खुर्च्या आहेत त्याच फळ्यांवर. कालच जेवताना तिने मला सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "तू पळतोस कसा, माहितेय? माझ्या नवशिक्या पोरांसारखा. ठोक्याला ठोका. समोरचा बहिरा असला तरी त्याला कळेल, पुढचं पाऊल कधी पडणार."

"आजवर सापडलो का कुणाला?"

"तेव्हा पाय होते. आता कान वापर."

ती ड्रम वाजवायची आणि त्याने ठोक्याच्या आगेमागे पाऊल टाकायचं. ठोक्यावर पडलं की पुन्हा पहिल्यापासून. देशाचा लाडका खेळाडू इथे धडाधड आपटत होता आणि बँडची पोरं तोंडात रुमाल कोंबून हसत होती. मिस अर्नेस्टीन दारातून ओरडायच्या, "क्लॉडेट, एक गुडघा गेलाय, दुसरा तरी ठेव!"

पुढच्या हंगामात तो मैदानात आला. वेग गेला होता. मी मनात म्हटलं, अल्विस, आता हा तुझा. कसला माझा! त्याच्याबरोबर धावताना मी पुढच्या पावलाची वाट बघायचो आणि ते पाऊल यायचंच नाही. यायचं तेव्हा मी भलत्याच दिशेला झुकलेला असायचो.

आता त्या सामन्याबद्दल बोलतो, ज्यासाठी तुम्ही मला इतका वेळ सहन करताय.

बर्मिंगहॅमची ती बोचरी थंडी. जिंकेल तो अंतिम फेरीत. आम्ही चार गुणांनी पुढे आणि खेळायला एकच चाल उरलेली. ते माझं शेवटचं वर्ष होतं. करंडकाला माझा हात कधी लागला नव्हता. मलाही तो हवा होता हो, फार हवा होता.

लिओटिस समोर येऊन उभा राहिला. मी म्हटलं, "आज आईने काय पाठवलंय?"

"पीच कॉबलर, सर. गोड आहे, पण आज तुम्हाला मिळायचा नाही."

चाल सुरू झाली. मी ठरवलं होतं, याचे पाय बघायचेच नाहीत, फक्त कंबर बघायची. त्याने खांदा पाडला. मी फसलो नाही. त्याने मान वर केली. मी फसलो नाही. मग तो थांबला. अर्धा ठोका! मीही थांबलो, आणि मी थांबतोय तोवर तो कोपऱ्याकडे निघाला होता. चेंडू हवेत होता. होती नव्हती ती ताकद लावून मी उडी मारली. माझं बोट चेंडूला लागलं! चेंडूची दिशा बदलली. लिओटिस मागे रेलला, सगळं अंग रेषेबाहेर गेलेलं, आणि एका हाताने त्याने चेंडू छातीशी ओढला. दोन्ही पायांचे अंगठे मात्र आतल्या गवतात रुतलेले, आणि आमच्या खेळात पाय आत असले की झेल आत.

पंच क्षणभर घुटमळले. मग त्यांचे दोन्ही हात वर गेले. टचडाउन!

टाळ्या वाजवा, वाजवा! इतक्या वर्षांनी मलाही वाजवाव्याशा वाटतात.

त्याचे सोबती त्याला खांद्यावर घ्यायला धावत होते. हा येऊन माझ्याशेजारी गवतात बसला. म्हणाला, "बोट लागलं होतं ना, सर?"

"लागलं."

"मला वाटलंच. इतकं जवळ कधी कुणी आलं नव्हतं."

त्यानंतरचा अंतिम सामना बर्मिंगहॅमने जिंकला. करंडक या गावच्या मुख्य रस्त्यावरून मिरवला आणि पुढे क्लॉडेटचा बँड होता. मी तो सोहळा टीव्हीवर पाहिला. बायको म्हणाली, "रडतोयस का?" मी म्हटलं, "बँड चांगला वाजतोय."

आता लिओटिस निवृत्त झाला आहे. डॉ. पेटवेंनी मला एक गोष्ट जाहीर करायचा मान दिलाय. सोमवारपासून तो या शाळेच्या संघाचा प्रशिक्षक आहे! आणि बचाव शिकवायला त्याने मला बोलावलंय. मी म्हटलं, "तुला अडवता आलं नाही, मी पोरांना काय शिकवणार?" तो म्हणाला, "मला अडवायचं कसं, याचा माझ्याइतकाच विचार तुम्ही केलाय, सर." मी घर घेतलंय. बायकोला गाव आवडलंय.

काल आम्ही दोघे मैदान बघायला गेलो. तो सवयीने पलीकडे जाऊन माझ्यासमोर उभा राहिला. मी हाक मारली, "अरे, आता इकडे!" तो हसला आणि चालत निघाला. लिओटिस ब्रॉडनॅक्स माझ्याच दिशेने येत होता आणि पहिल्यांदाच मला त्याला अडवायचं नव्हतं.

अध्यक्षांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, मी आपणा सर्वांचा ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर गावात नवा आहे म्हणून यंदापुरतं पदरात घ्या.