बुक्कीनं फोडलेला गोड कांदा

सकाळचे अकरा, चाकूरचं मंगल कार्यालय. एक बियाणे कंपनी शेतकऱ्यांना कांद्याची चव दाखवत होती. दोन ताटल्या कंपनीच्या गोड वाणांच्या, तिसरी माझा मेव्हणा दिगंबर याच्या घरच्या लाल कांद्याची. गडी घरचं बी सोडून कंपनीचं घ्यायला निघाला होता.

"दाजी, पिवळा गोड हाय, अन् पांढरा तर सफरचंदावानी!"

घरच्या कांद्यानं मात्र त्याच्या डोळ्यांत पाणी आणलं.

मी चकत्यांना बोट लावलं. कंपनीच्या ओल्या, आमच्या कोरड्या. चिरलेला कांदा पाण्यात ठेवला की तिखटपणा उतरतो, हे कुठल्या घरात ठाऊक नाही? मी कंपनीच्या पोत्यातला अख्खा पांढरा कांदा काढला, बुक्कीनं फोडला आणि कंपनीच्या साहेबापुढे धरला.

"खा."

"सर, हा सॅलडचा वाण आहे."

"आम्ही भाकरीसंगं खातो. खा."

त्यानं खाल्ला आणि रुमाल काढला. "हवामानाचा फरक पडतो, सर."

"दाजी," दिगंबर म्हणाला, "रडायचंच हाय तर घरच्या कांद्यानं रडू की!"

टेबलाखाली बादली होती, तिच्यात पांढऱ्या चकत्या तरंगत होत्या. ती कुणी ठेवली, हे मी तिथंच विचारलं, नंतर कंपनीच्या लातूरच्या कचेरीतही विचारलं. अजून कुणी सांगितलेलं नाही.