जुन्या नंबरवरचे गुलाब

—अरे, उठून काऊन राह्यला? बस. बस म्हणतो ना. अन् ते पेढे कुठं उचलून राह्यला? दुसऱ्याच्या घरी आणलेले पेढे वापस नेत असते का कोणी? राहू दे तिथंच, टेबलावर. घाम पूस आधी. पंखा वाढवू का? — नाही वाढत तो, त्याचं बटन एका आकड्यावर अटकलं हाये. हे पाय संघर्ष — संघर्षच ना नाव तुह्यं? — तू मले पुन्हा असं इचारू नको, की काका तुम्ही मजाक करून राह्यले का. मी काऊन मजाक करू? जय भीम म्हणून तू आत आला, पेढे ठेवले, अन् म्हणतो का महामायाचं अन् माह्यं जमलं हाये, रोज बोलणं होते. आता रोज बोलणं माह्यासंगं होते, तर तिच्यासंगं कसं जमलं? हा पाय फोन. हा कोपऱ्यात फुटलेला. हा तिचाच, जुना. तिले संभाजीनगरले दवाखान्याच्या लॅबमधी नोकरी लागली, तिनं नवा फोन घेतला, नवा नंबर घेतला, अन् हा मले देऊन गेली — बाबा, तुम्ही वापरा म्हणे, सिमसकट. म्हंजे तू आजवर जे काही गुड मॉर्निंग घातलं ना, ते सगळं मले आलं. मी वाचलं. मी उत्तर देलं. मी म्हंजे जानराव, तिचा बाप, ढोराच्या दवाखान्यातला रिटायर पट्टीबंधक. घे, पाणी पी.

आता तू म्हणशीन, डीपीवर तर महामायाचा फोटो होता. होता ना! बापाच्या डीपीवर लेकीचा फोटो नसते का? आमचा पेन्शनर लोकायचा ग्रुप हाये, त्यात रहेमतुल्लाच्या डीपीवर त्याची नात हाये, फ्रॉक घातलेली, जीभ काढलेली — म्हणून काय मी रहेमतुल्लाले चॉकलेट नेऊन देतो का? अन् तुह्या डीपीवर काय होतं? वाघ. नुसतं वाघाचं तोंड! त्याच्यावरून मी काय समजाव? मले वाटलं, वनविभागातला कोणी हाये. नोकरीत असताना त्यायचं-आमचं काम पडे, एखादं हरीण जखमी झालं का घेऊन येत. म्हटलं असन कोणी गार्ड नाही तर वनपाल, मले विसरला नाही बिचारा. हसून राह्यला? हस. मले त्यायच्यातला एक मिशीवाला आठवत होता, बुलढाण्याकडचा. मी सगळा वेळ त्याले गुलाब पाठवून राह्यलो होतो, आता सांगतो तुले.

गुलाब म्हंजे प्रेम असते हे मले काय माहीत? — काय 'साऱ्या जगाले माहीत हाये'? आमच्या जगात नाही. आमच्या ग्रुपवर सकाळी पाच वाजतापासून गुलाब सुरू होतात. रहेमतुल्ला मले रोज गुलाब टाकते, त्याच्यावर दवाचे थेंब, खाली लिहेल का तुमच्याशिवाय सकाळ अधुरी — अन् हा माणूस चाळीस पावलावर राहते, दुपारी भेटला तर बोलत नाही, तोंड फिरवून जाते! बदामाचं तसंच. लाल बदाम, पिवळा बदाम, बाण घुसेल बदाम. कोणाच्या नातवाचा वाढदिवस असो, कोणाची बायपास असो, बदाम टाकाच लागते, नाही टाकला तर म्हणतात जानराव अकडू झाला. आता तू सकाळी एकच गुलाब टाकला. एकच! मले वाटलं, नवीन हाये, लाजून राह्यला. म्हणून मी सात टाकले. अन् ते एक डोळा झाकून ओठ काढेल तोंड — हाव, तेच — ते मी शिट्टी वाजवणारं समजलो ना बे. खुशीत हाये, शिट्टी वाजवून राह्यलो, असं. मी ते आमदार साहेबाच्या पीएलेही टाकेल हाये.

टायपिंग काही येत नाही मले. बोट ठेवलं का चित्र जाते, ते येते. म्हणून तू इचारलं, जेवण झालं का, तर मी ताटाचा फोटो काढून पाठवला. पिठलं, भाकर, कांदा. तू लिहलं, किती साधं जेवता, मले असंच आवडते. मले बरं वाटलं. खोटं कायले बोलू? माह्यी बायको कलाबाई पोराकडं, रवीकडं गेली पुण्याले, नातू सांभाळाले — दोन महिन्यासाठी गेली होती, आता तो नातू बालवाडीत जाते, तरी तिथंच हाये. मले बोलवत नाही असं नाही, बोलवतात, पण दोन खोल्या हायेत त्यायच्या, मी झोपू कुठं? मंग मी एकटा पिठलं शिजवतो, तर त्याचा फोटो पाहून कोणी छान म्हणलं — मी दुसऱ्या दिवशी वांग्याचं भरीत केलं. तुह्यासाठीच केलं म्हण. वरून कोथिंबीर टाकली. तू लिहलं, तुमच्या हातचं खायाचं हाये एकदा. मी अंगठा दाखवला.

एकदा तू लिहलं का तुमचं हसणं डोळ्यापुढून जात नाही. मी उठून आरशात पाह्यलं. ह्या बाजूच्या दोन दाढा नाहीत. तरी म्हटलं, वनविभागाचा माणूस हाये, रानात फिरते, त्याची पारख येगळी असन. अन् एकदा सांजेच्याले लिहलं — तुमची लय आठवण येते. आता हे पाय, माह्यी सारी नोकरी त्या दवाखान्यात गेली, हजारो ढोरायच्या पायाले पट्ट्या बांधल्या, रिटायर झालो तर एका बैलानंसुद्धा वळून पाह्यलं नाही. अन् इथं कोणी म्हणते आठवण येते. मी तसाच बसलो बराच वेळ या खाटीवर. लाइट लावाचं सुचलं नाही.

अन् सरोवरावर तू बोलावलं होतं, ते? — काय 'ती आली नाही'? आलो होतो ना मी! रविवारी, त्या झऱ्याच्या धारेजवळ. पांढरा शर्ट इस्तरी करून घातला, दाढी केली, रहेमतुल्लानं इचारलं तर सांगतलं का सरकारी काम हाये. तिथं बाकावर एक पोट्टा बसेल होता, काळा चष्मा घालून, केसाले काहीतरी चोपडेल. मी त्याच्या बाजूले बसलो. त्याले शेंगदाणे देले. त्यानं घेतले. मी त्याले इचारलं, टाइम काय झाला, त्यानं सांगतलं. आठवलं? आज तू दारात उभा राह्यला तवाच मी ओळखलं, हा तर शेंगदाण्यावाला! तू पोरीची वाट पाहून राह्यला, मी मिशीवाल्याची. मी तुले अंगठा पाठवला का पोहचलो, तर माह्या बाजूले तुह्या खिशात टुंग वाजलं, अन् मी काय म्हणलं मनात — आजकाल लोकायचे फोन लय वाजतात बाप्पा! दिवस मावळला, तू उठून गेला, मी उठून घरी आलो, अन् तुले रडणारं तोंड पाठवलं. तूही पाठवलं. तुले वाटलं, पोरीले घरच्यायनं येऊ देलं नाही. मले वाटलं, ह्याले ड्युटी लागली.

पण एक सांगतो, तू मनानं चांगला हाये. तोंडावर नाही म्हणून राह्यलो, खरंच. मी तुले गुडघ्याचा एक्स-रे पाठवला, त्याच्या खाली रडणारं तोंड, तर दुसरा कोणी असता तर पळाला असता ना? तेवीस-चोवीस वर्षाची पोरगी अन् गुडघ्यात गादी नाही, हाडाले हाड घासून राह्यलं! तू काय लिहलं? लिहलं का काळजी करू नका, मी हाये, आयुष्यभर जिना चढू देणार नाही. मी रहेमतुल्लाले दाखवलं ते. तो म्हणे, वनविभागात अशी माणसं राह्यली नाहीत आता. अन् मंग तू पत्ता मांगितला, मी दाराच्या पाटीचा फोटो पाठवला, अन् मलकापूरहून तुह्यं मलम आलं, कुरियरनं. चांगलं हाये मलम. थोडं उग्र हाये, पण चांगलं हाये, मी सकाळ-सांज लावतो.

पुड्यावर? हाव, पुड्यावर नाव होतं. महामायाचं. — वाचलं नाही मी. चष्मा नव्हता. कुरियरवाल्यानं सही मांगितली, मी केली. — त्यानं नाव घेतलं असन बाप्पा मोठ्यानं, मी ध्यान देलं नाही! ढोराच्या दवाखान्यात काम करून करून कान गेले माह्ये. तू काय पोलीस हाये का? सोलरचे पंप बसवतो ना तू, मंग तसा बोल. त्याच्या बाद मी तुले गुलाब पाठवलेच ना? मंग? मले जर माहीत असतं, तर मी... मंग मी कायले पाठवले असते गुलाब.

तिनं? नाही, तिनं काही इचारलं नाही. तिले काय माहीत हे. तिले तर वाटते तू तिले विसरला, लग्नातले फोटो पाठवतो म्हणून नंबर घेतला अन् पाठवलेच नाही, असंच म्हणाली ती, बाबा म्हणे, जुन्या नंबरवर कोणी फोटो पाठवले का मलकापूरच्या लग्नातले, एक जण जिलेबी वाढत होता, तो पाठवणार होता...

चहा ठेवू का? साखर घालू ना?

असा पाहू नको माह्याकडं. हाव, इचारलं होतं. एकदा. — बरं, दोनदा. तीनदा. मी म्हटलं नाही आले. आले होते, ढिगानं आले होते, सारं लग्न लागलं अन् तुले नवरदेव सापडला नाही, नुसती महामायाच महामाया — मी पाह्यले ना सगळे, म्हटलं मिशीवालाही असन त्या लग्नात. पण मले काय वाटलं, आता ही फोटोसाठी सिम वापस मांगते. सिम गेलं का तू गेला. रवीनं मले साधा फोन आणून देला असता, बटनाचा, त्याच्यात गुलाब येत नाहीत. अन् मलम आल्यावर समजलं मले, हाव, समजलं, चष्मा डोळ्यावरच होता! तवा सांगाले पाह्यजे होतं. पण तू त्या सांजेच्याले लिहलं ना, दुखणं कमी झालं का म्हणून. पोट्ट्या, मले रवीनं नाही इचारलं. कलाबाईनं नाही इचारलं, ती म्हणते वयच हाये ते. मंग मी काय लिहू? का तू चुकीच्या गुडघ्याले इचारून राह्यला? मी बदाम टाकला.

नंबर नाही देणार. नाही म्हणलं ना! आवाज चढवू नको, शेजारी जनकाबाई कान लावून बसते. तुले नंबर देतो, तू तिच्यासंगं बोलशीन, सकाळचा गुलाब तिले जाईन, अन् मंग मले? — 'तुम्हालेही पाठवत जाईन'! असं म्हणतात सगळे. रवीही म्हणत होता. एका माणसाले दिवसातून दोन ठिकाणी जेवण झालं का इचारता येत नाही, ते मले समजते. मी जनावरायमधी राह्यलो, पण मले समजते. माह्ये पाय कायले धरून राह्यला? तो गुडघा दुखतो. उठ. उठ ना बे, कोणी पाह्यलं तर म्हणतीन पोट्टा पाया पडून राह्यला.

बरं, घे. घे लिहून. रडतो कायले? माह्याच फोनमधी पाय, 'महामाया नवी' असं लिहेल हाये. आता आठ वाजले, ड्युटी सुटली असन तिची. अरे लाव ना. तिले पहिले सांग का फोटो पाठवले होते, बाबानं दाबले. माह्यं नाव घे, मी सहन करन. — वाजून राह्यला? उचलला?

बोल ना. बोल.

...हं.

म्हंजे तुह्यं तोंड असं होते तर. लिहताना. मी इकडं बसून वाचायचो, मले कधी दिसलंच नाही हे.

ऊठ, बाहेर जाय. ओट्यावर जाऊन बोल. आत रेंज राहत नाही. दार ओढून घे.