जावयाच्या गळ्यातली चेन

टाळकरी, थांबा जरा. श्रावणभाऊ, मृदंगावरचा हात उचला. उचला म्हटलं ना! बघा मंडळी, बावीस वर्षं झाली – मी थांब म्हटलं की हा माणूस थांबतो, वाजव म्हटलं की वाजवतो. एवढं लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

तर आजचा प्रश्न साधा आहे. जाणकार कोणाला म्हणायचं? ज्याला सगळं कळतं त्याला? की आपल्याला काय कळत नाही, हे ज्याला कळतं त्याला?

काय म्हणता आजोबा? दुसरा? अहो, मग तुम्ही कीर्तनाला कशाला आलात? घरी जा, शेकोटीजवळ बसा, तुम्हाला माझी गरज नाही. बाकीच्यांनी ऐका. कारण आजचं आख्यान राजाचं नाही, ऋषीचं नाही. आख्यान एका गाढवाचं आहे – आणि ते गाढव फेटा बांधून तुमच्यासमोर उभं आहे.

हसा, हसा. पुढे मला रडायचं आहे.

तीन वर्षांमागे एका गावात सप्ताह झाला. काल्याच्या दिवशी तिथल्या मंडळींनी माझ्या गळ्यात सोन्याची चेन घातली. चेन कसली, म्हशीचं दावं! करंगळीएवढी जाड! मी इतकी वर्षं तुम्हाला सांगत आलो की बाबांनो, सोनं आणि माती एकच. आणि त्या दिवशी घरी गेलो तो थेट आरशासमोर. पाऊण तास! बायको म्हणाली, जेवायला येताय, की आरशातल्यालाच वाढू?

त्या चेनीनं माझी मती फिरवली. लोक मला सोन्याचा भाव विचारायला लागले, आणि मी सांगायला लागलो. भाव सकाळी पेपरात वाचलेला असायचा, पण सांगताना डोळे मिटायचे, जरा आकाशाकडे बघायचं – जणू वरून निरोप येतोय. असा मी जाणकार झालो. गळ्यात घातली म्हणून कळायला लागलं, तर बैलाला घुंगरू बांधल्यावर गाता आलं असतं!

बरं. त्या साली आमच्या श्रावणभाऊंच्या मुलीचं, वैजूचं लग्न ठरलं. मुलगा योगराज, वीज खात्यात. मुलाकडच्यांनी काही मागितलं नव्हतं, हे आधीच सांगतो. पण बापाचं मन! मांडवात चार माणसांदेखत जावयाच्या गळ्यात एक चेन पडावी, लेकीचं सासरी वजन राहावं, एवढीच इच्छा. आणि त्यासाठी द्वारकावहिनींनी हातातल्या पाटल्या काढून दिल्या.

वहिनी तिकडे बायकांत बसल्यात, त्यांना विचारा. तीस वर्षं त्या पाटल्या हातात होत्या. भाकरी थापताना कोपराकडे सारायच्या, पण काढायच्या नाहीत. निघता निघेनात, तेव्हा साबण लावून काढल्या. रुमालात बांधून नवऱ्याला म्हणाल्या, बुवांना बरोबर न्या, त्यांना सोन्यातलं कळतं.

ऐकलंत? त्यांना सोन्यातलं कळतं! कुणाला? ह्याला!

गेलो आम्ही दोघं तालुक्याला. भिकनशेठ म्हणून जुने सराफ. सत्तरीचा माणूस, नाकावर चष्मा, बोलणं हळू. मी गादीवर असा बसलो, जणू दुकान माझंच, आणि म्हणालो, पुरुषाची चेन दाखवा, उत्तमातली.

शेठनी चेन नाही काढली. त्यांनी विचारलं, "बुवा, गळा कुणाचा?"

म्हटलं, जावयाचा.

"जावई हे नातं झालं. मी गळा विचारतोय. माणूस काम काय करतो? कुणी पोती वाहतो, कुणी ट्रक हाकतो, कुणी नुसता खुर्चीत बसतो. ज्याचा त्याचा गळा वेगळा, आणि चेनही वेगळी."

आता श्रावणभाऊंनी तोंड उघडलं होतं. सांगणार होते, की जावई तारांवर काम करतो. मी काय केलं? त्यांच्या मांडीवर हात दाबला – असा – आणि म्हणालो, भाऊ, तुम्ही गप्प बसा, सोन्याचं मी बघतो. आणि ते गप्प बसले हो. त्यांना सवयच ती!

मग पाटल्या आटवायच्या होत्या. आपलं सोनं आपल्या डोळ्यांदेखत आटवून घ्यायचं असतं, म्हणून श्रावणभाऊ आत कारागिराजवळ जाऊन बसले. बाहेर मी आणि शेठ. शेठनी दोन चेनी मखमलीवर ठेवल्या. वजन दोघींचं सारखं. एक बारीक, साधी, बघितली न बघितली अशी. दुसरी जाड, झगझगीत, अगदी माझ्या चेनीची बहीण.

शेठ म्हणाले, शिक्का दोघींवर आहे, सोनं दोन्हींत बावीस कॅरेट. पण नुसता शिक्का बघून चेन घेत नाहीत. त्यांनी बारीक चेन माझ्या मनगटावरून उलटी-सुलटी ओढली. एक केस अडकला नाही. मग आकडा, म्हणजे अडकवायची कडी, दाखवली. चेन मधे सहसा तुटत नाही, आकड्यापाशी तुटते, तिथला डाग, म्हणजे सांधा, बघायचा, म्हणाले. मग जाड चेन माझ्या तळहातावर ठेवली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "ही आतून पोकळ आहे. फोटोला शोभेल, पण दाबली गेली तर चेपेल, आणि चेपली की सरळ होत नाही. रोज वापरणाऱ्याला देऊ नका. आणि आत बसलेत त्या यजमानांना तेवढं सांगा."

इतकं सरळ कोण सांगतं हो ग्राहकाला? पण माझा अहंकार जागा झाला. म्हटलं, शेठ, आम्हालाही जाड चेनीतलं कळतं, आम्ही वापरतो. आणि छाती पुढे केली.

शेठनी चष्मा सारखा केला. म्हणाले, बघू का जरा? मी काढून दिली. त्यांनी दोन बोटांत धरली, आकड्यापाशी पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं. आणि दोन्ही हातांनी परत दिली. "जपून ठेवा, बुवा. लोकांनी प्रेमानं दिलीय."

समजलात? सराफानं सोन्याच्या वस्तूबद्दल प्रेम काढलं, की समजायचं, सोनं नाही! मुलामा होता मुलामा! इतके महिने मी पितळ मिरवत होतो!

आता शहाण्या माणसानं तिथेच हात जोडले असते. म्हणाला असता, शेठ, तुम्ही निवडा. पण मला इतका राग आला – शेठचा नाही, माझाच – आणि तो राग झाकायला मी जाड चेनीवर बोट ठेवलं. हीच द्या! मांडवात शेवटच्या ओळीतून दिसली पाहिजे!

श्रावणभाऊ बाहेर आले. डोळे लाल झालेले, भट्टीच्या धगीनं की पाटल्या विरघळताना बघून, कुणास ठाऊक. मी चेन दाखवली. ते एवढंच म्हणाले, "बुवा, तुम्ही म्हणाल ते." आणि ती पोकळ आहे, हे मी सांगितलं नाही. मंडळी, हे पाप आहे. विनोद नाही हा. तीस वर्षांचं भरीव सोनं देऊन मी त्या माणसाच्या हातात हवा दिली, आणि तो माझे आभार मानत एसटीत बसला.

लग्न झालं. जावयाच्या गळ्यात चेन पडली आणि मी माईक घेतला. माईक दिसला की मला राहवत नाही, तुम्हाला माहीत आहे. सांगितलं, की ही चेन कुणी निवडली, कशी निवडली, पारख कशी असावी. वीस मिनिटं! वऱ्हाडाचं जेवण गार झालं.

आणि आली दिवाळी. पहिला दिवाळसण. पाडव्याला सकाळी श्रावणभाऊ माझ्या दारात. तोंड काळवंडलेलं. जावई कालच आले होते आणि गळा रिकामा! वहिनींनी चुलीपाशी वैजूला विचारलं, तर ती नुसती खाली मान घालून बसली. श्रावणभाऊ म्हणाले, चेन पसंत पडली नाही बहुतेक. की विकली? की पोरीला काही ऐकवतात? वहिनी रात्रभर जाग्या होत्या.

मी मनात म्हटलं, चेपली! फुटली! पोकळ निघाली, आणि बापानं फसवलं म्हणून पोरीला सासरी बोलणी बसतायत. माझ्यामुळे!

दुपारी त्यांच्याकडे जेवायला. वांग्याचं भरीत, पुरणपोळी, समोर पाटावर जावई. शेवटी ताटावरून उठलो, हात जोडले आणि सगळं ओकलो. म्हटलं, जावईबापू, पोरीला बोलू नका, ह्यांनाही बोलू नका. चेन पोकळ होती, मला दुकानातच ठाऊक होतं, शेठनी बजावलं होतं. मी माझ्या मिजाशीसाठी घ्यायला लावली.

मग जावयानं खिशातून डबी काढली, उघडली. आत चेन! जशीच्या तशी, एक कडी चेपलेली नाही!

अहो, कुणालाच काही कळलं नव्हतं! माझ्या चोरीचा मीच पंचनामा केला!

योगराज म्हणाले, "बुवा, मी खांबावर चढतो. अंगावर धातू ठेवून चढायचं नाही, अंगठीसुद्धा काढतो. मांडवातच सांगणार होतो, पण तुम्ही माईक सोडेनात." आणि मग सासूकडे वळले. "आई, वैजूनं सांगितलं, ह्या तुमच्या पाटल्या आहेत. परत द्यायला आणल्यात. श्रावणमामांना वाईट वाटेल म्हणून कालपासून डबी खिशातच राहिली."

वहिनी रडल्या. मीही रडलो. श्रावणभाऊ रडले नाहीत. त्यांनी मला एकच विचारलं, "तुम्हाला दुकानातच माहीत होतं?"

म्हटलं, हो.

त्यानंतर चार कीर्तनं हा माणूस माझ्या मागे वाजवत होता. हात चुकला नाही, पण नजर माझ्याकडे आली नाही. मंडळी, चार हजार लोक ऐकत असले आणि आपला मृदंगवाला आपल्याकडे बघत नसला, की त्या गाण्याला काय चव?

चेन भिकनशेठकडे परत गेली, पाटल्या झाल्या. आटवताना सोन्यात जी घट आली, ती माझ्या लग्नातल्या अंगठीनं भरली. बायकोला विचारून, हो! विचारून! ती म्हणाली, घाला, निदान ती तरी भरीव आहे.

मग एक दिवस जावयाला फोन लावला. म्हटलं, चेन राहिली, मनापासून सांगा, तुम्हाला काय हवं? तो म्हणाला, बूट. खांबापर्यंत पोचायला केळीच्या बागांतून चिखल तुडवावा लागतो, घोट्याच्या वरपर्यंतचे चांगले बूट हवेत. श्रावणभाऊंना घेऊन बाजारात गेलो. दुकानदारानं विचारलं, माप काय? माझ्या तोंडात आलंच होतं – नऊ! पुरुषाला नऊ लागतं, मला कळतं! श्रावणभाऊंनी माझ्याकडे फक्त बघितलं. मी तोंड मिटलं, फोन काढला आणि विचारलं, जावईबापू, पाय केवढा?

सात! आणि हे श्रावणभाऊ दुकानात बाकावर बसून हसायला लागले. चार कीर्तनांनंतर पहिल्यांदा.

आता तुमच्याकडे वळतो. पुढच्या ओळीत एक पाहुणे गळ्यातली चेन सदऱ्यात सारतायत. राहू द्या पाहुणे, मी पारखायला येत नाही, मला कळत नाही! पण सांगा – तुम्ही पोराची शाळा ठरवलीत, गळा विचारलात? सुनेची नोकरी ठरवलीत, म्हाताऱ्या आईचं पथ्य ठरवलंत, कुणाला विचारलंत? की मांडीवर हात दाबलात, गप्प बस, मला कळतं? शेठनी मला फक्त तीन शब्द विचारले होते. घरी गेल्यावर तुमच्या माणसाला तेवढं तरी विचारा.

आणि माझं काय? आता गळ्यात तुळशीची माळ आहे. तिची पारख करायला कुणी मागत नाही, बरं आहे. पण एक राहिलं. श्रावणभाऊ, बावीस वर्षांत कधी विचारलं नाही, आज विचारतो. गजराला ठेका कोणता धरायचा? तुम्ही सांगा.

काय म्हणाले, ऐकलंत मागच्यांनी? म्हणतात, बुवा, तुम्ही आता गप्प बसा, मला वाजवू द्या.

बसतो बाबा. बसतो.