संदर्भयादीतलं नाव

हल्ली कुणी विचारलं, "सर, तुमच्या बीजगणितातल्या कामाचा उल्लेख किती जणांनी केला?" की मला उत्रोलीची आमची आई आठवते.

एकाहत्तर-बाहत्तर सालची गोष्ट. मी पुण्यात कॉलेजात शिकवत होतो. ग्रंथालयात एक परदेशी नियतकालिक चाळताना एका लेखाच्या संदर्भयादीत माझं नाव दिसलं. आयुष्यात पहिल्यांदाच! ते पान मी हातानं उतरवून घेतलं, मिळेल त्या एसटीनं भोर गाठलं आणि तिथून चालत उत्रोलीला घरी गेलो.

आई अंगणात तांदूळ पाखडत होती. परदेशातल्या एकानं हे लिहिलंय, असं सांगून मी तिला कागदावरचं माझं नाव दाखवलं. तिला अक्षरओळख नव्हती, तरी तिनं माझ्या नावावरून बोट फिरवलं.

"ह्यो मानूस तुला वळकतो व्हय रं?"

"न्हाई आई. माझं काम वाचून त्यानं नाव घेतलंय."

"कितींदा?"

"एकदाच."

तिनं सूप खाली ठेवलं. "न बघितलेल्या मानसानं येकदा नाव घेतलं, तर पळत आलास. मी तर रोज घेते की रं."

त्यानंतर मी दर शनिवारी भोरची एसटी धरायला लागलो. पण आई पुढं दोनच वर्षं होती.