रेघ नसलेला पेला

(दुपार. छोट्या विमानतळावरच्या हँगरमधलं टेबल. टेबलाशी लेक, विमानाचा मिस्त्री आणि उडायला शिकवणारी शिक्षिका. विमान उभं राहायचं तिथे आता तेलाचे डाग आहेत.)

मिस्त्री: वजनकाटा न्यायचा असेल तर न्या, ताई. साहेबांनी घरूनच आणला होता. आता त्यावर कोण उभं राहणार?

लेक: राहू द्या, मिस्त्रीकाका. घरी नेला तर आई रोज बघेल.

मिस्त्री: दर वेळी उडण्याआधी उभं करायचे तुम्हाला. बूट घालून, पर्स खांद्याला लावून. तुम्ही चिडलात की म्हणायचे...

लेक: ‘चिडण्याचं वजन होत नाही, पर्सचं होतं.’

मिस्त्री: अस्सं! जन्मभर दुकानदारांचे काटे तपासले त्या माणसानं. पोटच्या पोरीलाही सवलत नाही.

शिक्षिका: मिस्त्री, तिला कपाटाची किल्ली द्या. चार वाजता चौकशी अधिकारी येतोय. त्याआधी ती निघालेली बरी.

लेक: मी त्यांनाच भेटायला आलेय, मॅडम.

शिक्षिका: फोनवर तर म्हणालीस, बाबांच्या वस्तू न्यायच्यात.

लेक: आई शेजारी बसली होती. तुमचा जबाब लिहून झाला?

शिक्षिका: झाला. दीड पान.

लेक: वाचून दाखवाल?

शिक्षिका: कशाला जखमेवर मीठ चोळून घेतेस?

लेक: पाण्याबद्दल लिहिलंय तेवढंच.

शिक्षिका: बरं. ‘इंजिनात पाणी सापडलं. टाकीच्या तळातून पेलाभर पेट्रोल काढून तपासल्याची खूण कागदावर आहे आणि ती चालकाच्या हातची आहे. तपासणी प्रत्यक्षात झाली की नाही, हे मला सांगता येणार नाही. त्या वेळी मी दुसऱ्या विद्यार्थ्याबरोबर हवेत होते.’

लेक: आणि अधिकारी काय लिहिणार?

शिक्षिका: त्याचं मत झालंय. टाकीत पाणी होतं, म्हणजे पेल्यात आलंच असतं. पेल्यात आलं असतं तर दिसलंच असतं. त्या अर्थी पेला भरलाच नाही. न बघता खूण केली.

लेक: म्हणजे खोटी खूण.

शिक्षिका: तो ‘निष्काळजीपणा’ लिहील.

लेक: अर्थ तोच.

मिस्त्री: ताई, माणूसच गेला. कागदावर काही का लिहीनात.

लेक: मिस्त्रीकाका, मी शाळेत होते तेव्हाची गोष्ट. एका किराणा दुकानाच्या काट्यावर शिक्का मारून बाबा घरी आले आणि भरल्या ताटावरून उठले. दोन किलोचं माप लावून बघायचं राहिलं होतं. हात धुतले, बस पकडली, परत गेले. काटा बरोबरच निघाला. तरी ती गोष्ट सांगताना ते खाली बघायचे. आणि आता त्यांच्या नावापुढे शेवटची ओळ ही?

मिस्त्री: तुमचं बरोबर आहे. पण आता सांगणार कोण? कुणी बघितलंय?

शिक्षिका: चूक माझीही आहे. विमान घेतानाच मी हट्ट धरायला हवा होता. तीन विमानं दाखवली होती त्यांना. मी म्हणत होते, ते कापडी पंखांचं घ्या. दिसायला ओबडधोबड, पण ओझं उचलायला खमकं. दोन माणसं आणि भरलेली टाकी घेऊन हसत उडालं असतं.

लेक: त्यात एकामागे एक बसायचं होतं.

शिक्षिका: तेच तर. म्हणे, लेक मागे बसली तर तिचा चेहरा कसा दिसणार? मी म्हटलं, चेहरा बघायचा तर जेवणाच्या टेबलावर बसा, विमान कशाला घेताय?

लेक: त्यावर काय म्हणाले?

शिक्षिका: ‘टेबलावर ती मोबाईल बघते, हेडमास्तर.’

लेक: हे मला माहीत नव्हतं.

शिक्षिका: शेजारी शेजारी बसायचं म्हणून हे नाजूक विमान घेतलं. आणि त्याला तुमचं दोघांचं वजन पेललं तर भरलेली टाकी पेलेना. म्हणून कायम अर्धी टाकी. अर्ध्या टाकीत हवा, हवेत ओलावा, ओलाव्याचं पाणी. शिवाय त्या आठवड्यात हँगरच्या शटरचं काम निघालं, विमान आठ दिवस पावसात.

मिस्त्री: ओलाव्यानं एवढं पाणी साठत नाही, मॅडम.

शिक्षिका: मिस्त्री...

मिस्त्री: नाही, बोलू द्या. सतरा दिवस पोटात ठेवलंय. टाकीच्या झाकणाची रबरी चकती, ताई. तडकली होती, पाऊस तिथूनच आत गेला. साहेबांना मी सांगितलं होतं, त्यांनी मागवलीही. त्या दिवशी सकाळी मी तीच आणायला गेलो होतो. मी निघताना ते फोनवर म्हणाले, एक चक्कर मारून येतो, मग बसवू. बाजारातून परत येताना विमान पडल्याचा आवाज ऐकला. ही बघा. अजून खिशात आहे. टाकवत नाही, ठेववत नाही.

लेक: काका, चकती खराब होती म्हणूनच पेला भरायचा होता ना?

मिस्त्री: हो, पण...

लेक: मग भरला होता. मी भरला.

शिक्षिका: तू घरी होतीस. तुला सर्दी होती.

लेक: सर्दी होती म्हणून विमानात बसले नाही. कान दुखतात वर गेल्यावर, तुम्हीच सांगितलं होतं. पण बाबांना सोडायला मी आले होते, गाडी मीच चालवली. आणि नेहमीसारखीच तपासणी केली. कागद त्यांच्या हातात, काम माझ्या हातात.

शिक्षिका: एकानं वाचायचं, दुसऱ्यानं करायचं.

लेक: आणि ‘ऐकलं’ म्हटल्याशिवाय खूण करायची नाही. घरीसुद्धा तसंच चालायचं. ‘गॅस?’ ‘बंद केला.’ ‘ऐकलं.’ आई म्हणायची, संसार करताय की विमान उडवताय?

शिक्षिका: हे सगळं त्या अधिकाऱ्याला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?

लेक: सांगितलं, बाबांनी न बघता खूण केली नसणार. ते ‘हो हो’ म्हणाले. घरचे लोक असंच म्हणतात ना! मी केलं हे नाही सांगितलं, कारण प्रवाशानं ते करायचं नसतं; आणि मला वाटत होतं मी बरोबर केलंय. पेला स्वच्छ होता, मॅडम. प्रकाशाकडे धरला होता. तुम्ही शिकवलं तसं. पाणी जड, तळाला बसतं, पेट्रोल वर तरंगतं, मध्ये रेघ दिसते. रेघ दिसली तर ओतून द्यायचं, पुन्हा भरायचं. रेघ नव्हती.

शिक्षिका: रेघ नव्हती?

लेक: अजिबात नाही. काचेसारखं. मी ओरडले, ‘स्वच्छ!’ ते म्हणाले, ‘ऐकलं.’

शिक्षिका: अगं, मग ते...

लेक: काल आईची गोळी द्यायला पाण्याचा ग्लास भरला आणि सहज खिडकीसमोर धरला. त्यातही रेघ नव्हती.

मिस्त्री: अरे देवा.

लेक: नुसतं पाणीच असेल तर रेघ कुठून येणार, मिस्त्रीकाका?

शिक्षिका: खाली बस. मिस्त्री, ती खुर्ची सरकवा.

लेक: बाबा असते तर नाकाशी धरला असता. ते नेहमी वास घ्यायचे, दोन बोटं बुडवून चोळायचे. मी म्हणायचे, झालं का अत्तर लावून? मला वास येत नव्हता आणि ते मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर स्वतः खाली वाकले असते. गुडघे दुखायचे त्यांचे, म्हणून तर ते काम मी घेतलं होतं.

शिक्षिका: पंखाखाली तुला वाकताना मी कितीदा पाहिलंय. प्रवाशानं तपासणी करायची नसते, हा नियम मीच भिंतीवर लावलाय. दोघं जण कशी मजेत करता असं वाटायचं, म्हणून बोलले नाही. तुला शिकवलंही ते उभ्या उभ्या, पाच मिनिटांत. रेघ बघ, एवढंच मी म्हणाले. रेघच नसेल तर रंग बघायचा, वास घ्यायचा, हे त्यांना शिकवलं होतं. तुला नाही.

लेक: अजून एक आहे. पेला मी जमिनीवर ओतला होता. पेट्रोल बघता बघता उडून जातं. बाबांनी इंजिन सुरू केलं, धावपट्टीच्या टोकाला गेले, हात केला. मी हात केला. खाली बघितलं तर सिमेंटवर तो डाग तसाच ओला होता. मनात आलं, अजून वाळला कसा नाही. तेवढंच आलं. मग शिंक आली, आणि मी गाडी घेऊन घरी निघाले.

मिस्त्री: ताई, एक सांगू? हे आपल्या तिघांत राहू द्या. साहेबांना आता कसला कागद आणि कसला शेरा? तुम्हाला मात्र जन्म काढायचाय. आईंना काय सांगणार?

लेक: आईला सकाळी सांगितलं.

मिस्त्री: काय म्हणाल्या?

लेक: आधी गॅस बंद केला. मग म्हणाली, ‘अधिकाऱ्याला सांगून ये, मग जेवू.’

शिक्षिका: तू मला एक विचारायला हवं होतंस, विचारलं नाहीस. शेवटी त्यांनी काय केलं ते.

लेक: हिंमत झाली नाही.

शिक्षिका: इंजिन बंद पडल्यावर नवखा माणूस पट्टीकडे परत वळतो आणि तिथेच मरतो. ते वळले नाहीत, मी वरून पाहिलं. नाक खाली, सरळ पुढे. साठीनंतर शिकलेला माणूस, पण शिकवलं त्यातलं एक अक्षर चुकलं नाही. समोर कालव्याचा बांध होता. तो मी कुठल्या धड्यात हलवणार होते?

लेक: हे जबाबात आहे?

शिक्षिका: नव्हतं. आता येईल. हे दीड पान गेलं टोपलीत.

मिस्त्री: मॅडम, तुमचं लायसन्स...

शिक्षिका: मला ठाऊक आहे माझं लायसन्स कुठे आहे ते. भिंतीवर, त्या नियमाच्या शेजारी. तपासणीचा एक कोरा कागद काढा.

मिस्त्री: मग ही चकती पण टेबलावर ठेवतो. विचारलं तर सांगेन.

शिक्षिका: साडेतीन झालेत. तो आला की तुला वीस वाटांनी फिरवील, तू रडशील आणि काहीतरी भलतंच बोलून बसशील. आधी इथे सांग. मी वाचते, तू उत्तर दे. केलंस तेवढंच. जास्त नको, कमी नको.

लेक: चालेल.

शिक्षिका: टाकीचं झाकण?

लेक: घट्ट होतं. चकती पाहिली नाही.

शिक्षिका: ऐकलं. तळाची तोटी?

लेक: उघडली. मी.

शिक्षिका: ऐकलं. रेघ?

लेक: नव्हती.

शिक्षिका: ऐकलं. रंग?

लेक: कळला नाही. ढगाळ होतं, उजेड कमी होता.

शिक्षिका: ऐकलं. वास?

लेक: मला सर्दी होती.

शिक्षिका: विचारलं तेवढं सांग, बाळ. वास?

लेक: घेतला नाही.

शिक्षिका: ऐकलं. खूण?

लेक: बाबांनी केली. मी ‘स्वच्छ’ म्हणाले म्हणून.

शिक्षिका: ऐकलं.